दुधीवरची आखणी

लहानपणी मला वाटायचं, दुधीला डोळे असतातच. आमच्या पेणच्या घरी बाजारातून आणलेला दुधी आई धुवायची, पुसायची आणि चिरण्याआधी त्यावर काजळाने दोन डोळे काढायची. लांबट, अर्धे मिटलेले, खाली बघणारे. मग विळीवर बसून स्वतःच त्याच्या फोडी करायची. शेजारणी हसायच्या, आम्ही भाजी खायचो.

आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. साडीवर बाबांचा जुना शर्ट चढवून पितांबर, दागिने, सोंड, सगळं रंगवायची. तिला हवी होती ती डोळ्यांची आखणी. ती मात्र मालक स्वतः करत. बाईला महिन्याचे चार दिवस असतात, तिचा हात देवाच्या डोळ्यांना नको, हे त्यांचं म्हणणं. एकदा आईने धीर करून विचारलं, तर ते नुसते हसले. आता पेणमध्ये कितीतरी मुली आखणी करतात. आईची उमर मात्र पितांबरं रंगवण्यात गेली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी रोह्यात चित्रप्रदर्शन होतं. मी लग्नानंतर वरसे गावात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. प्रदर्शनासाठी मी आईच घेतली. प्लायच्या मोठ्या फळीवर तिची कामाची साडी ताणून बसवली, त्यावर रंगाने कडक झालेला तो शर्ट, फुटक्या बांगड्या, काथ्या आणि मधोमध प्लास्टरमध्ये काढलेला तिचा चेहरा. साचा घेताना डोळे मिटावे लागतात, म्हणून चेहराही मिटल्या डोळ्यांचा निघाला. मला ते फारच आवडलं. मिटलेले डोळे म्हणजे बाईच्या आठवणी वगैरे मी तिला समजावू लागले.

"मेले काय मी?" ती म्हणाली. "ब्रश दे."

तिने हात धुतले, श्वास रोखला आणि पापण्यांच्या फुगवट्यावर डोळे आखले. तिचा हात एकदाही हलला नाही.

घोळ नंतर लक्षात आला. गणपती उंचावर बसतो, म्हणून त्याची नजर खाली भक्तांकडे उतरती ठेवतात. सवयीने आईने स्वतःलाही तीच नजर दिली होती. चित्र समोर धरलं की त्यातली आई बघणाऱ्याच्या पोटाकडे बघायची. पुसून पुन्हा काढ, मी म्हटलं. आखणी पुसायची नसते, मला वर टांग, असं तिने बजावलं.

आयोजकांनी कुरकुर केली, तरी आम्ही शिडी आणलीच. मग मजा झाली. येणारा जो तो मान वर करून आईकडे बघायचा आणि आई वरून त्याच्याकडे. खाली खुर्चीवर खरी आई इस्त्रीची साडी नेसून ऐटीत बसली होती. इतकी देखणी मी तिला कधीच पाहिली नव्हती.

मालकांना तिनेच बोलावणं धाडलं होतं. काठी टेकत ते पेणहून आले. चित्रासमोर उभे राहिले, थोडे मागे सरकले आणि नजरेला नजर मिळाली तिथे थांबले. नकळत त्यांनी चप्पल काढली. मग आखणी कोणाची, असं विचारलं. आईने स्वतःकडे बोट दाखवलं.

"हात कुठं बसवलास गो?"

"दुधीवर," आई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.