जर्दाळूचं सोनं

मत्सर ही खाजगी मालमत्तेतून जन्मलेली भावना आहे, असं आमच्या घरच्या एका पत्रकात छापलं होतं. मला ते तेव्हाही पटायचं, आजही पटतं. बाप ही कुणाची मालमत्ता नव्हे, हे मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगेन. पण त्या शुक्रवारी सौदीतल्या डोंगराळ अल बाहाच्या सरकारी वनोद्यानाकडे निघालेल्या गाडीत मी मागच्या सीटवर होते, बाबा पुढे बसले होते आणि गाडी चालवणारी बाई त्यांना दर दोन वाक्यांनी हसवत होती.

ती जेद्दात आमच्या खालच्या मजल्यावर राहते. मूळची रत्नागिरीजवळच्या एका गावची. नवऱ्याचं तिथल्याच शराफिया भागात किराणा दुकान. बाबा महिनाभरासाठी माझ्याकडे आले आणि आठवड्यातच सकाळचा चहा तिच्याकडे पिऊ लागले. माझ्या चहात साखर कमी असते म्हणे. डोंगरात पानं पिवळी पडली असतील, काकांना दाखवू या, ही कल्पनाही तिचीच. माझ्या नवऱ्याला सुटी नव्हती आणि मला अजून गाडीचा परवाना मिळालेला नाही.

"काका, काच वर करा. माकडं येतील," घाटात ती म्हणाली.

"येऊ देत. आमच्या सभांना त्यांच्यापेक्षा उपद्रवी मंडळी यायची."

दोघं खदाखदा हसली. हा विनोद मी जन्मभर ऐकला आहे. मला सांगताना बाबा स्वतः कधी हसले नव्हते. विरोधकांना कसं गप्प करावं याचं उदाहरण म्हणून तो मला सांगितला जाई. शिवाय तिला ते 'पोरी' म्हणत होते. मला ते लहानपणापासून 'कार्यकर्ते' अशी हाक मारतात.

बाबांनी मला पत्रकांवरच वाढवलं. दसऱ्याला आमच्या गावच्या चौकात मी गुलाबी कागदांचा गठ्ठा घेऊन उभी असे. 'सोनं लुटायचं म्हणून झाड लुटू नका' हा त्यावरचा मथळा. बाकीची मुलं खिशात आपट्याची पानं कोंबून घरोघर जायची, मोठ्यांच्या हातावर पान ठेवायची, पाया पडायची. एका वर्षी मीही एक पान लपवून घरी आणलं आणि बाबांपुढे धरलं. ते रागावले नाहीत. "या पानाला विचार, त्याला यायचं होतं का," एवढंच म्हणाले. पान माझ्याच हातात राहिलं. त्यानंतर मी कुणाला सोनं दिलं नाही. मला कुणी द्यायला आलं तर त्याच्या हातात पत्रक ठेवलं.

उद्यानाच्या वरच्या अंगाला सुरूसारखी दिसणारी गडद हिरवी झाडं आहेत. ती बारा महिने तशीच. पिवळं झालं होतं ते खाली, उतारावरच्या दगडी बांधांवर, जर्दाळूच्या जुन्या झाडांमध्ये. लोक चटया अंथरून कहवा ओतत होते, मुलांना झाडाखाली उभं करून फोटो काढत होते. जेद्दात वर्षभर उन्हाळा काढणाऱ्या मला त्या पिवळ्याखाली रडूच फुटलं असतं. पण त्याआधी ती "या अल्ला! काका, बघा तरी!" म्हणून ओरडली, आणि बाबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. मग माझ्या वाट्याला काही उरलंच नाही.

थोड्या वेळानं ती एका झाडाखाली वाकलेली दिसली. हातात पानांचा जुडगा. मी अशा संधीचीच वाट बघत होते.

"तू पानं तोडतेयस?" मी लांबूनच म्हणाले. "हजार माणसं इथं येतात. प्रत्येकानं एकेक पान तोडलं तर या झाडाचं काय होईल?" हे गुलाबी पत्रकातलं तिसरं वाक्य होतं, शब्दाला शब्द. मी बाबांकडे पाहिलं.

"अगं, पडलेलीच उचलतेय," ती म्हणाली. "तोडू कशाला? झाड काय माझ्या सासऱ्याचं आहे?"

बाबा हसले. तिच्याबरोबर, मला.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, दसरा होऊन महिना झाला, पण सोनं काय शिळं होतं? आमच्या शाळेतल्या बाई आम्हा सगळ्या मुलींना सोनं द्यायच्या. माझी आई ते तांदळाच्या डब्यात जपून ठेवायची. घ्या, सोन्यासारखे राहा."

'पानाला विचार' हे वाक्य आता येणार म्हणून मी थांबले. बाबांनी पान उलटून पाहिलं. "हे आपणहून आलंय," म्हणाले आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या खिशात पेन आणि घडी घातलेलं पत्रक यांखेरीज काही गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पडलेलं चालतं, हे मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढला.

"तू परत आणलंच नाहीस, कार्यकर्ते. पुढच्या दसऱ्याला मला वाटलं होतं, आणशील."

ते खरं बोलत होते की नाही कोण जाणे. सभा जिंकायची त्यांना सवय आहे. पण मंगळवारी त्यांचं विमान होतं, आणि गुडघ्यांमुळे आता पुन्हा येणं होणार नाही, असं त्यांनी आल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

मी बांध उतरून झाडांत शिरले. जमिनीवरची पानं एकतर चिमुकली होती, नाहीतर तुडवलेली. धड होती ती तिनं आधीच वेचलेली. मला तिच्यापेक्षा मोठं पान हवं होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ते सापडलं डोक्यावर. फांदीच्या टोकाला, तळहाताएवढं, कडेला केशरी, देठ जेमतेम धरून असलेलं. मी ते तोडलं नाही. मी फक्त फांदीला बोट लावलं.

पान आलं.

"मधेच वारा सुटला का गं?" वर पोचल्यावर बाबांनी विचारलं.

"हो."

मागची सगळी झाडं गप्प उभी होती. मी पान त्यांच्या हातावर ठेवलं. सोनं देताना काय म्हणतात ते ठाऊक असूनही तोंडातून निघेना. कधी म्हटलंच नव्हतं. बाबांनी देठाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पान खिशात घातलं.

परतीच्या घाटात दोन्ही पानांची टोकं खिशाबाहेर डोकावत होती. त्यातलं पुढचं कुणाचं आणि मागचं कुणाचं, ते मागच्या सीटवरून कळत नव्हतं. मी पट्टा ताणून पुढे वाकले.

"काय बघतेयस एवढं?" तिनं आरशातून विचारलं.

"रस्ता," मी म्हणाले.