छोट्या गाडीचं आमचं स्टेशन

सोलापूर जिल्ह्यातल्या त्या माळावरच्या स्टेशनात नोकरी लागली, तेव्हा वाटलं, इथं काय घडणार? दिवसाला दोन छोट्या गाड्या, एक मास्तर, रुळांचे सांधे बदलणारा दगडू आणि तिकिटं देणारा मी. पण चार वर्षांनी बदली झाली, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि किस्सेच जास्त!

पहिल्याच दिवशी खिडकीशी गावचे पाटील आले. मी विचारलं, "कुठं जायचंय?"

पाटील तिथूनच मागं फिरले! "निघताना 'कुटं' इचारलं! आता काम हुतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी परत आले. तोवर दगडूनं मला शहाणं केलं होतं. मी 'कुठं' न विचारता स्टेशनांची नावं एकेक म्हणत गेलो. चौथ्या नावाला पाटलांनी मान हलवली. पुढं चार वर्षं मी अशीच तिकिटं दिली.

पार्सलच्या काट्यावर दर सोमवारी गावचा पैलवान वजन करायला यायचा. वर पावती मागायचा! "फडात दावायला पायजे की." शेवटी मास्तरांनी पार्सलचीच पावती फाडली. 'नग एक. वजन दोन मण सतरा शेर. माल नाशवंत.' त्यानं ती महिनाभर फेट्यात खोचून मिरवली.

एकदा गाडी वीस मिनिटं अडकली. वरून तार आली, 'उशीर का?' मास्तरांनी उलट तार केली, 'दगडूची बायको बाळंत होतेय. इंजिनातलं गरम पाणी दिलं.'

आम्ही मेमोची वाट बघत बसलो. तार आली, 'मुलगा की मुलगी?'

लेक सासरी निघाली, की रडणं आटोपल्याशिवाय आमची गाडी हलायची नाही. गार्डसाहेब मोठे हळवे. एकदा त्यांनाच हुंदका आला आणि हातातल्या हिरव्या झेंडीनं त्यांनी डोळे पुसले. ड्रायव्हरनं ती बघितली अन् गाडी सोडली! गार्ड आमच्याकडंच राहिले. मग मुलीची आईच त्यांची समजूत काढत बसली.

आणि एक दिवस कागद आला. उतारू नाहीत, स्टेशन बंद करायचा विचार आहे, साहेब पाहणीला येतील. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

गावकरी म्हणाले, "मास्तर, तुमी घोर करू नगा."

पाहणीच्या सकाळी अख्खं गाव गाठोडी घेऊन हजर! सगळ्यांनी पुढच्या स्टेशनची तिकिटं काढली. गाडीत बसायचं आणि साहेब ऑफिसात शिरले की उतरायचं, असा बेत. साहेब ट्रॉलीवरून आले आणि ती गर्दी बघून खूश झाले. मास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. डब्याच्या दारात एक म्हातारी उभी होती. साहेब म्हणाले, "आजी, आत बसून घ्या की."

"बसती कशाला बाबा? तुमची पाठ फिरली की उतरायचंच हाय आमाला!"

मास्तरांनी डोळे मिटले. साहेबांनी गर्दीकडं बघितलं, घड्याळ बघितलं आणि गार्डला म्हणाले, "गाडी सोडा!"

दिवेलागणीला सगळं गाव सात मैल पायपीट करून, मास्तरांना आणि मला शिव्या घालत परत आलं.

आठ दिवसांनी साहेबांचा शेरा आला. 'स्टेशन चालू ठेवावे. पुढचे स्टेशन गावास पायी फार लांब पडते.'