लग्नपत्रिकांवरचं जीवशास्त्र

तांबोळीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत होत्या. निमगाव केतकीतलं त्यांचं घर, टळटळीत दुपार आणि ओसरीवर जुन्या लग्नपत्रिकांचा हा एवढा ढीग. बारावीला जीवशास्त्रात नापास होऊन मी कळंबहून एस.टी.नं तिथं पोचले होते. सोबत तात्या, म्हणजे माझे वडील. तात्यांनी दारातूनच सांगून टाकलं, "बाई, ऑक्टोबरला एकदाच बसवतो. पास झाली तर बारामतीला नर्सिंगला घालतो. न्हाय तर पाव्हणं बघायला सुरवात करतो." बाईंनी खळ ढवळता ढवळता वर पाहिलं. "बरं. हिला रोज हितं पाठवा. आन् चहा घ्या," म्हणाल्या.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी जाणती माणसं लिहितीलच. इंदापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी उभी हयात जीवशास्त्र शिकवलं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या आणि माझ्यासारख्या अडलेल्या मुलींना घरीच शिकवत होत्या. मी बारामतीच्या एका रुग्णालयात नर्स आहे. मला लिहायचं आहे ते त्यांच्या कार्डांविषयी.

लग्नसराई संपली की बाई घरोघर फिरून तारेला खोवलेल्या पत्रिका मागून आणत. दोन पत्रिका, छापील बाजू आत घालून, खळीनं चिकटवायच्या, पाट्याखाली दाबून वाळवायच्या आणि कात्रीनं चार तुकडे करायचे. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. माझ्या आधीच्या एका मुलीचा तयार संच कपाटात होता. तो मी मागितला तर बाई हसल्या. "दुसऱ्यानं जेवून तुझं पोट भरतंय व्हय? तुझी तू लिव."

मी लिहिली. पण खरं सांगते, मी मुळातच तंद्रीत राहणारी मुलगी. कार्ड खिडकीच्या उजेडासमोर धरलं की माझ्या अक्षराच्या मागे आतली अक्षरं पुसट दिसायची. 'वृक्काचं कार्य सांगा' याच्या पाठीमागे एखादी चि. सौ. कां. सुनंदा. कोण असेल ही? कुठल्या गावी गेली असेल? तिच्या दारात झाड असेल का? सुनंदेबरोबर मी कुठल्या कुठल्या अंगणांत हिंडून यायचे आणि वृक्क बिचारं तिथंच राहायचं. आणि मग एकदम ध्यानात यायचं, की ऑक्टोबरात घसरले तर पुढच्या वर्षी माझंही नाव असंच कुणाच्या तरी कार्डाच्या पोटात जाईल.

बाई माझ्या तंद्रीवर कधी रागावल्या नाहीत. जेवणानंतर त्या स्वतः वाकळ अंथरून देत. "झोप तासभर. मुरू दे डोक्यात. लोणचं घातलं की लगेच खात्यात का?" त्या झोपेत मला हिरवी, पाण्यासारखी हलणारी स्वप्नं पडत. उठल्यावर बाई सकाळचीच कार्डं पुढे ठेवत आणि नवल म्हणजे त्यांतली बरीच येत. थोडं विसरू द्यायचं आणि मग ओढून काढायचं, ही त्यांची रीत होती. संध्याकाळी त्या मला स्टँडवर सोडायला येत तेव्हा वाटेत तीनच कार्डं विचारत. चौथं मी मागितलं तरी विचारत नसत.

एकदा मी म्हटलं, "बाई, पुस्तक वाचताना सगळं येतंय. पेपरातच कसं जातंय?" बाई म्हणाल्या, "बाजारात तोंड ओळखीचं दिसतंय, पर नाव आठवत न्हाय, व्हय का न्हाय? पेपरात नाव लिवायचं असतंय." म्हणून त्यांचा एक नियम कडक होता: आधी उत्तर मोठ्यानं म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. गठ्ठे तीन. रोजचा, तिसऱ्या दिवसाचा, आठवड्याचा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं की सरळ रोजच्यात.

रोजचा गठ्ठा काही केल्या कमी होईना. मग मी चोरी केली. अर्धवट येणारी कार्डं 'हेच तर मनात होतं' असं म्हणत गुपचूप आठवड्याच्या गठ्ठ्यात सरकवू लागले. रोजचा गठ्ठा बोटभर उरला आणि मी सुखानं पुन्हा अंगणं फिरू लागले.

परीक्षेला आठ दिवस असताना बाईंनी आठवड्याचा गठ्ठा हातात घेतला. प्रश्न एकही विचारला नाही. कडेवरून नुसता अंगठा फिरवला. बाकीच्या कार्डांच्या कडा हाताच्या घामानं काळ्या पडल्या होत्या आणि यांतली निम्मी कोरी करकरीत. "ह्या नवऱ्या बोहल्यावर चढल्याच न्हाईत वाटतं," बाई म्हणाल्या. मला हसूही येईना आणि रडूही थांबेना. त्यांनी तिन्ही गठ्ठे एकत्र पिसले, माझ्या पदरात घातले आणि म्हणाल्या, "रड. मग पयल्यापासनं." त्या आठ दिवसांत मी एकाही सुनंदेच्या घरी गेले नाही.

मी पास झाले. फार नव्हे, पण चांगल्या गुणांनी. दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं, रविवारी पाहुणे येणार आहेत. बारावी पास मुलगी म्हणून उलट चांगलं स्थळ चालून आलं होतं. मी बाईंना फोन केला आणि नुसती रडले.

सकाळच्या एस.टी.नं बाई कळंबला आल्या. आमच्या घरी प्रथमच. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या.

"तात्या, माझ्या दारात काय बोलला होता?"

"स्थळ लई चांगलं हाय, बाई."

"स्थळाचं न्हाय इचारलं. काय बोलला होता?"

तात्यांनी समोरच्या उसाकडे पाहिलं. मी दाराआड उभी होते. ते हळूच म्हणाले, "पास झाली तर बारामतीला घालतो, म्हणलं होतं."

बाई तशाच बसून राहिल्या. तात्यांनी खिशातून फोन काढला आणि पाहुण्यांना रविवारचं नको म्हणून सांगितलं. ते दबून गेले असं मला वाटत नाही. शब्द दिल्याचं त्यांना मनापासून आठवलं होतं. बारामतीला माझी ट्रंक त्यांनीच डोक्यावर वाहिली.

बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. मीही म्हणते, पण माझा त्यात स्वार्थ आहे. त्या दिवशी बाई आल्या नसत्या तर मी कुणाच्या तरी घरी नांदत असते, कदाचित सुखातही असते. पण वॉर्डातून "सिस्टर!" अशी हाक आली की उठून धावणारी ही नर्स जन्मालाच आली नसती, आणि मला ती फार आवडते. म्हणून तांबोळीबाईंनी खूप वर्षं जगावं आणि दर महिन्याला माझ्यासमोर बाही वर करून बसावं. त्यांचा रक्तदाब मीच बघणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.