यादीला कुलूप

"नंबरानं या." मान वर न करता ती म्हणायची. समोरच्याच्या पायात चप्पल आहे की बूट, हे तिनं कधी पाहिलंच नाही.

राळेगावकडच्या आमच्या कापूस खरेदी केंद्रावर ती संगणक चालवायला आली, कंत्राटी. मी तिथला जुना बाबू. ती मला काका म्हणायची, मी तिला मॅडम. वयानं माझ्या मुलीएवढी, पण जिभेला अशी धार की तिच्याशी बोलताना मी शर्टाची वरची गुंडी लावून घ्यायचो.

ते दिवस तुम्हीही पाहिले असतील. कापसाला बाहेर कोणी विचारत नव्हतं, म्हणून अख्खा तालुका आमच्या फाटकाशी. बैलबंड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. माणसं बंडीखाली झोपायची, तिथंच भाकर खायची. नंबर लागायला तीन-तीन दिवस. आणि नंबरांची यादी त्या एका संगणकात.

तिच्या आधी त्या यादीचं काय व्हायचं, ते खरं सांगतो. लोडशेडिंगमध्ये लाइन गेली की यादी उडायची. मग आमचे साहेब आठवणीनं नवी यादी सांगायचे. त्यांची आठवण मोठी गमतीची होती. बंडीवाले आठवायचे नाहीत, पुढाऱ्यांचे ट्रॅक्टर मात्र धडाधड आठवायचे. आणि ते लिहून घ्यायचो मी. हो, मीच. लाज वाटते, पण लिहून घ्यायचो.

पहिल्याच आठवड्यात तिनं संगणक सुरू करताना एक बटण दाबून धरलं. निळा पडदा आला.

"काका, याच्यात आजलोक कोणी डोकावलंच नाही काय?"

"आम्ही बटण दाबतो, तो सुरू होते. डोकावाचं कायले?"

"वावरातल्या मोटरीले ऑटो लावता ना, लाइन आली का मोटर सोताच सुरू? तसंच याले लावून राह्यली."

तेव्हापासून लाइन आली की संगणक कोणी हात न लावता सुरू व्हायचा. खिडकीत उजेड दिसला की बंडीखालची माणसं "आली, आली" करत उठायची. आमचा चौकीदार पहिल्या दिवशी दारातूनच हात जोडून परतला.

सुरू झाला तरी तो पासवर्ड मागत थांबायचा. बाहेरून कोणी फ्लॉपी घालून तो चालवू शकणार नाही, असंही तिनं करून ठेवलं. लाइन गेली आणि शेजारची बॅटरी पी-पी करू लागली की यादी जपून ठेवून तो आपोआप बंद व्हायचा. ती पाणी प्यायला उठली तरी पडदा बंद. म्हणायची, "घरून निंघतानी दार लावता ना? मंग?"

संगणकाच्या पेटीला मागं कडी असते, हे मला तेव्हा कळलं. आतली नाण्याएवढी बॅटरी काढली की पासवर्ड पुसला जातो, म्हणून तिनं त्या कडीला ट्रंकेचं कुलूप लावलं. किल्ली ओढणीच्या गाठीत.

पासवर्ड तिनं मलाही सांगितला होता. मी आपला विसरभोळा, भिंतीवरच्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरावर लिहून ठेवला. तिनं पाहिलं, तिथल्या तिथं पासवर्ड बदलला आणि आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

मग खरेदीचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी काटा बंद होणार. ज्याचं माप झालं नाही, त्यानं व्यापारी देईल त्या भावात कापूस टाकायचा. पुढचा नंबर एका म्हातारीचा होता, तीन दिवस बंडीखाली काढलेली. तेवढ्यात एका पुढाऱ्याचे सात ट्रॅक्टर आले. मागोमाग साहेब, सोबत यवतमाळहून आणलेला मेकॅनिक.

"संगणक बिघडला," साहेब म्हणाले. "नवीन यादी करा लागते."

"बिघडला नाही, सायेब," ती म्हणाली. "पासवर्ड मागून राह्यला."

"मग द्या ना!"

"आपल्यापाशी नाही चालत, सायेब."

साहेब लालेलाल. "तोडा रे ते कुलूप!"

ती उठली. मला वाटलं, आता रडते. तिनं खिडकीची दोन्ही दारं धाडकन उघडली आणि पासवर्ड टाकून यादी उघडली. पडदा बाहेर तोंड करून फिरवला आणि ओरडली, "भाऊ, तुमची यादी पुसून राह्यले हे! या, पाहा!"

शंभर माणसं खिडकीशी. पुढचे पडद्यावरचे नंबर मोठ्यानं वाचू लागले. ती साहेबांना म्हणाली, "तोडा आता."

मेकॅनिकनं पेचकस खिशात घातला. "सायेब, मले बस पकडाची हाय."

म्हातारीची बंडी काट्यावर गेली. मग मागची, मग तिच्या मागची. ट्रॅक्टर रांगेच्या शेपटीला. मला त्या पोरीचा एवढा अभिमान वाटला, आणि स्वतःचा तेवढाच राग आला.

आठव्या दिवशी तिला उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. कागद नाही, काही नाही. तिनं डबा उचलला, किल्ली माझ्या हातावर ठेवली, कानाशी पासवर्ड सांगितला. "काका, कॅलेंडरावर लिवू नका."

पुढच्या हंगामात साहेबांनी मला बोलावलं. "पासवर्ड तुम्हाले माहीत हाय म्हणते." मी शर्टाची वरची गुंडी लावून घेतली. म्हटलं, "माहीत हाय. सांगत नाही. यादी मी लावतो, नंबरानं." दोन हंगाम लावली. खिडकी उघडी ठेवून.

केंद्र पुढं बंद पडलं, संगणक भंगारात गेला. ती यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात लागली, तिथूनही भांडून निघाली असं ऐकलं. मला पुन्हा दिसली नाही.

परवा भाजीबाजारात साहेब भेटले. रिटायर झालेले, हातात काठी. हसून म्हणाले, "बाबू, आता तरी सांगा, काय होता तो पासवर्ड?"

मी पिशवी खांद्याला अडकवली.

"आपल्यापाशी नाही चालत, सायेब."