गुरुजींच्या पोरीचा डोळा

अण्णांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द यायचा, शिस्त. ते वालूरला शाळेत मास्तर. वर्गात शिस्त, ताटात शिस्त, माझ्या वेणीच्या भांगातसुद्धा शिस्त. सेलूला कॉलेजात जायला लागल्यावर मी छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, नाव दिलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं काय शिकवतेत?" मी म्हणाले, "शिस्त." झालं, परवानगी मिळाली. आणि हे सांगताना मी खोटं बोलले नव्हते, हे पुढं सिद्ध करावं लागलं.

खाकी अंगावर आली. जन्मात पहिल्यांदा पॅन्ट घातली होती. यष्टी स्टँडवरून लांब ढांगा टाकत कॉलेजला जाताना वाटायचं, आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. आपल्या बापाला सोडून, अर्थात. खरं सांगते, त्या खाकीवर माझा लय जीव होता.

रायफल शिकवायला फौजेतले एक हवालदार यायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. उत्तरेकडचे, मिशी पिळदार आणि हिंदी कडक. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा बाराजणींना रायफली देऊन सतरंजीवर पालथं झोपवलं आणि हुकूम दिला, "शिस्त लो." आम्ही लगेच टाचा जुळवल्या, माना ताठ केल्या आणि झोपल्या झोपल्या सावधान झालो. एकीनं तर रायफल खाली ठेवून हात मांड्यांना चिकटवले. उस्तादांनी आमच्या रांगेवरून एक चक्कर मारली. "मुर्दे हो क्या सब?" ते म्हणाले.

मग कळलं, त्यांच्या भाषेत शिस्त म्हणजे नेम. मागच्या खाचेतून पुढची काडी बघायची, काडीच्या टोकावर टार्गेटचा काळा ठिपका बसवायचा, याला शिस्त घेणं म्हणतात. सोपं होतं. फक्त त्यासाठी डावा डोळा मिटावा लागायचा, आणि माझा डावा डोळा एकटा मिटत नाही. उजव्याला सोबत घेऊनच मिटतो.

पहिल्या फायरिंगला गावाबाहेरच्या माळावर मी दोन्ही डोळे गच्च मिटून पाच गोळ्या झाडल्या. माझ्या कागदाला एक भोक नाही. शेजारच्या मैत्रिणीनंही पाचच झाडल्या, पण तिच्या कागदाला सात भोकं. दोन माझी धरली तरी उरलेल्या तीन गोळ्या कुठं गेल्या, ते त्या माळालाच ठाऊक. उस्ताद म्हणाले, "पंधरा दिन में दुबारा फायर होगा. तब तक आँख सीखो."

मी मनावर घेतलं. येता-जाता यष्टीत बसून डावा डोळा मिटायचा, उघडायचा. कधी उजवा बोटानं उघडा धरायचा, कधी गाल वर ओढायचा. चौथ्या दिवशी जरा जमल्यासारखं वाटलं आणि मी खुशीत हसले. नेमके समोर कंडक्टर उभे. पन्नाशीचा, भला, माळकरी माणूस. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. संध्याकाळी वालूरच्या थांब्यावर अण्णा दिसले, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका, पर तुमची पोरगी यष्टीत डोळा मारायलीय."

घरी आल्यावर अण्णांनी टोपी खुंटीला लावली नाही, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

"हीच का शिस्त?"

"शिस्तच हाय ती, अण्णा. उस्तादांची शिस्त म्हंजे नेम."

"नेम कुणावर? कंडक्टरवर?"

माय चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र रडू फुटलं. "एक डोळा मिटणं लय अवघड हाय. तुमी करून बघा," मी म्हणाले.

अण्णांनी करून बघितलं. मास्तरच ते, गणित स्वतः सोडवल्याशिवाय पोराला चूक म्हणायचे नाहीत. दोन्ही डोळे मिटले. चष्मा काढून केलं, तरी दोन्ही. तोंड वाकडं करून केलं, तरी तेच. शेवटी माय म्हणाली, "बास करा. कुणी बघितलं तर तुमचीबी तक्रार येईल."

अण्णा खाकरले आणि त्यांनी निकाल दिला. पुढच्या फायरिंगला पाचीच्या पाच गोळ्या माझ्याच कागदावर लागल्या पाहिजेत. एक जरी बाहेर गेली, तर खाकी त्याच दिवशी परत. पण सकाळी शाळेला निघताना त्यांनी आपला पांढरा रुमाल माझ्यापुढं टाकला. "डावा झाकून टाक. मिटायलाच पायजे असं कुठं लिव्हलंय?"

त्याच सुमारास विद्यापीठाच्या नावावरून आंदोलन पेटलं आणि कॉलेज बंद पडलं. रायफल आठ दिवस दिसणार नव्हती. मी मायचं मुसळ घेतलं. अंगणात गोणपाटावर पालथी पडायची, कोपराखाली उशी, डाव्या डोळ्यावर रुमाल. मुसळाला सुतळीचा फास बांधला, तो घोडा. दुसऱ्या टोकावर माय चिंचोका ठेवायची. फास हिसडला की चिंचोका खाली. पहिल्या दिवशी माय चिंचोके वेचून वेचून वैतागली. "अगं, सुईत दोरा ओवताना श्वास घेती का कुणी?" ती म्हणाली. मग मी अर्धा श्वास सोडून थांबायला शिकले. घोडा ओढायचा नाही, बोट हळूहळू दाबत न्यायचं, कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. सहाव्या दिवशी चिंचोका जागचा हलला नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, पोरीला काय झालंय. माय सांगायची, "कांडायलीय."

फायरिंगच्या दिवशी अण्णांचं सेलूत खडू आणायचं काम निघालं. माळावर लांब एका बाभळीखाली ते उभे होते, हातात खडूबिडू काही नव्हतं. माझा रुमाल बघून उस्ताद हसले, पण चालेल म्हणाले.

चार गोळ्या नीट गेल्या. पाचवीला बाभळीखालची टोपी आठवली, खाकी आठवली. बोट घोडा हिसडायच्या बेतात होतं. मी ते बाजूला काढलं. डोकं टेकवलं, श्वास घेतला, अर्धा सोडला, चिंचोका मनात ठेवला आणि दाबत गेले.

उस्तादांनी कागद आणला. वर काड्यापेटी ठेवली तर चार भोकं तिच्याखाली झाकली गेली, पाचवं दोन बोटं बाजूला. पण होतं माझ्याच कागदावर. "अब आयी शिस्त," ते म्हणाले.

परतीच्या यष्टीत तेच कंडक्टर. तिकीट घेऊन झाल्यावर अण्णांनी कागद उलगडून त्यांच्यापुढं धरला. "मोजा."

त्यांनी बोट लावून मोजलं. "पाच हायेत, गुरुजी."

"डोळा असा मारती ती," अण्णा म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

नंतर पुढच्या बाकावरून त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. चेहरा वर्गातल्यासारखाच गंभीर. दोन्ही डोळे मिटले, उघडले. परत मिटले, उघडले. मला वाटलं, धूळ गेली असेल. मग तिसऱ्यांदा गाल वर ओढून त्यांनी तेच केलं, तेव्हा उमगलं. अण्णा मला डोळा मारत होते.