साडूच्या नावावरची जळजळ

भावनगरात घोघा दरवाज्याच्या अलीकडच्या एका गल्लीत ओधवजीभाई कंदोई बेचाळीस वर्षं गाठिया वळत आले. बेसनाचा गोळा लाकडी पाटावर ठेवायचा, तळहाताच्या फुगवट्यानं पुढे रेटायचा आणि वळलेली पट्टी अलगद तेलात सोडायची. एवढंच काम. पण ते काम त्यांच्या हातून होताना बघायला माणसं बाकावर बसून राहत. गल्लीतले निम्मे लोक सकाळी देवळात जायच्या आधी इथे येत, आणि उरलेले निम्मे देवळात जायचंच विसरत.

ओधवजीभाईंचा एक नियम होता. प्रत्येक घाण्यातला एक गाठिया स्वतः चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. नुसता गाठिया चाखून मीठ कळत नाही, म्हणून बरोबर तळलेली मिरची. मिरचीनं जीभ भाजली की पुढच्या घाण्याची चव कळत नाही, म्हणून जीभ धुवायला अर्धी बशी चहा. सकाळी पाच ते अकरा असे पंचवीस-तीस घाणे निघत. मग घरी जाऊन ते पाटावर बसत आणि अगदी मनापासून बायकोला सांगत, "वाढ लवकर. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

चाखणं म्हणजे खाणं नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती. हीरुबेन वाढत.

रात्री साडेनऊला दुकान बंद व्हायचं. मग बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, शेव-टोमॅटोची लालभडक भाजी आणि वर चिमूटभर तंबाखू-सुपारीचा मावा तोंडात टाकून थेट गादीवर. या दिनक्रमात काही खोट आहे असं त्यांना छप्पन्नाव्या वर्षापर्यंत वाटलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी छातीच्या मधोमध जळायला लागलं. आधी जेवणानंतर, मग जेवणाआधी, मग केव्हाही. कढईवर वाकलं की घशाशी आंबट पाणी यायचं. आवाज बसला. गिऱ्हाइकं म्हणाली, तेलाचा धूर. ओधवजीभाईही म्हणाले, तेलाचा धूर.

पण आपलं आपल्याला कळतंच की. अडचण अशी, की सांगायचं कुणाला? गाठियावाल्यालाच गाठिया बाधतो अशी बातमी गल्लीत फुटली, तर उद्या बाकावर कोण बसेल? तीन वर्षं त्यांनी तोंड मिटून काढली. शेवटी एका सकाळी फारच असह्य झालं, तेव्हा त्यांनी प्राणजीवन मास्तरांना गाठलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. रोजचं गिऱ्हाईक, आणि विषय कुठलाही असो, उत्तर तयार.

"मास्तर, माझा एक साडू आहे महुव्याला. कुरजी. त्याच्या छातीत जळतं म्हणे."

"वय काय त्याचं?"

"माझ्याएवढंच."

"खातो काय?"

ओधवजीभाई जरा अडखळले. "तसं काहीच नाही."

"मग थंड दूध द्या त्याला," मास्तर म्हणाले आणि मिरचीचा देठ बशीत टाकून त्यांनी पुढचा गाठिया उचलला.

बाकावर बसलेले बाकीचे लगेच सरसावले. कापडवाले धनसुखलाल म्हणाले, दुधानं कफ होतो, लिंबूसोडा पाजा. मंछाबेन म्हणाल्या, लिंबू आधीच आंबट, त्यात सोडा, मारायचंय का बिचाऱ्याला? गार ताक द्या. तिसऱ्यानं आलं सुचवलं, चौथ्यानं फोन काढून कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ लावला, ज्यात एक दाढीवाला माणूस बारा आजारांवर एकच काढा सांगत होता. प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या उपायाला मारक होता आणि प्रत्येकाचं तोंड गाठियानं भरलेलं होतं. आपल्या स्वतःच्या छातीत जळतं असं मात्र कुणी म्हणालं नाही.

ओधवजीभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आठवडाभरात सगळं करून पाहिलं. दुधानं अर्धा तास बरं वाटलं आणि मग दुप्पट पेटलं. लिंबूसोड्यानं तर डोळ्यांत पाणी आलं. मंछाबेनचं ताक आदल्या दिवशीचं होतं. रोज सकाळी गिऱ्हाइकं आल्या आल्या विचारत, "साडू कसा आहे?" आणि ओधवजीभाई घोगऱ्या आवाजात सांगत, "सोडा मानवला नाही त्याला."

मग मास्तरांनी घरून एक पुडी आणली. "हे अविपत्तिकर चूर्ण. अम्लपित्तावरचं जुनं औषध आहे. अर्धा चमचा, जेवणाआधी, कोमट पाण्याबरोबर. महुव्याला धाडून द्या."

ओधवजीभाईंनी विचार केला, अर्धा चमचा साध्या माणसाला. आपलं दुखणं तीन वर्षांचं. तेव्हा चार चमचे, तेही शिगोशीग. या चूर्णात निशोत्तर असतं आणि ते पोट साफ करतं, ही गोष्ट मास्तरांना ठाऊक होती की नाही कोण जाणे. त्यांनी सांगितली नव्हती एवढं खरं.

दुसरा दिवस रविवार. गल्लीत रांग, तेल तापलेलं, पाटावर गोळा. पहिल्या घाण्यालाच ओधवजीभाईंच्या चेहऱ्यावर विचित्र भाव आला आणि हातातला गोळा तसाच टाकून ते मागच्या दाराकडे धावले. परत आले तेव्हा सगळे बघत होते.

"साडूचा फोन होता," ते म्हणाले.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. मग पुन्हा. चौथ्या फोनच्या वेळी कढईतला घाणा काळा पडला. पाचव्यांदा ते कमरेची गाठ सोडत धावले, तेव्हा मास्तर रांगेकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "कुरजीभाईंची तब्येत फारच बिघडलेली दिसते."

कुरजीभाईंच्या तब्येतीची खबर पंधरा दिवसांनी खुद्द कुरजीभाईंनीच आणली. एका लग्नासाठी ते बायकोसह भावनगरला आले आणि सकाळी सहज दुकानात डोकावले. सव्वाशे किलोचा माणूस, महुव्याचा कांदेवाला. बाकावर बसून त्यांनी ताटलीभर गाठिया, चार मिरच्या आणि पिशवीतून आणलेला आख्खा कच्चा कांदा फस्त केला.

"पाव्हणे कुठले?" धनसुखलालांनी विचारलं.

"महुवा. मी कुरजी. ओधवजीचा साडू."

बाकावरच्या सगळ्यांनी हातातला गाठिया खाली ठेवला. मग मंछाबेन पुढे झाल्या. "अरे माझ्या भावा! हिंडूफिरू लागलात? ताक सुरू आहे ना?"

"कसलं ताक?"

"अहो, तुमच्या छातीतली जळजळ... आणि कांदा खाताय?"

"कुणाची जळजळ?" कुरजीभाई गडगडाटी हसले. "मला जन्मात कधी साधी ढेकर आंबट आली नाही."

सगळ्यांच्या माना कढईकडे वळल्या. ओधवजीभाई गोळा नको तितका मळत होते. कुरजीभाई माणूस तसे भले. काहीतरी चुकलं हे ओळखून त्यांनी घाईघाईनं छातीवर हात ठेवला. "हां हां, ती जळजळ! होती की. फार होती." पण ते इतकं वाईट नाटक होतं की मास्तरांनी चहाच्या बशीत बघून हसू लपवलं.

दुपारपर्यंत ही गोष्ट एका बहिणीकडून दुसऱ्या बहिणीकडे, म्हणजे हीरुबेनकडे पोचली.

"ऐकलंत का," ताट वाढताना त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आजारी पाडलंत, ते पाडलंत. पण त्याच्या आजाराचं चूर्ण तुम्ही का खाल्लंत?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हीरुबेन त्यांना निरुपमाबेन वैद्यांकडे घेऊन गेल्या. अंबाडा घातलेली बाई, पन्नाशीची, जामनगरला आयुर्वेद शिकलेली. ओधवजीभाईंनी मुद्दाम मागच्या जिन्यानं जायचं ठरवलं होतं. वर पोचून दार उघडलं, तर समोरच्या बाकावर प्राणजीवन मास्तर. त्यांच्या शेजारी धनसुखलाल. कोपऱ्यात पदर तोंडावर ओढून मंछाबेन. ओधवजीभाईंच्याच दुकानातलं बाक कुणी उचलून वर आणून ठेवल्यासारखं.

"माझा मेहुणा आहे जसदणला," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "त्याच्यासाठी औषध न्यायला आलोय."

"हो का," ओधवजीभाई म्हणाले आणि बऱ्याच दिवसांत प्रथमच त्यांना जरा बरं वाटलं.

निरुपमाबेननी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पण औषधाचं नाव काढलं नाही. आधी प्रश्न. घास अडकतो का? वजन उतरलं? काळी शी होते? जिना चढताना छाती दाबल्यासारखी होते, घाम येतो, हातात कळ जाते?

"परवा कढईपाशी घाम आला होता," ओधवजीभाई म्हणाले.

"मग आधी उद्या इस्पितळात जाऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या. पट्टी ठीक असेल तर परवा माझ्याकडे या. छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. पित्त पित्त म्हणत बसलेली माणसं मी गमावलेली आहेत."

पट्टी ठीक निघाली. तिसऱ्या दिवशी बेननी विचारलं, सकाळी काय खाता?

"काहीच नाही, बेन. देवाशपथ."

"खोटं बोलू नका," हीरुबेन म्हणाल्या. "दर घाण्याला एक."

"ते चाखणं झालं!"

"किती घाणे?" बेननी विचारलं.

"पंचवीस... कधी तीस."

निरुपमाबेननी लेखणी खाली ठेवली. "ओधवजीभाई, कढईत तेल काठोकाठ भरलंत आणि ती कलती केलीत तर काय होईल?"

"उतू जाईल. कुणीही सांगेल."

"तुमचं पोट सकाळपासून भरत असतं. रात्री ते काठोकाठ करता आणि लगेच आडवे होता, म्हणजे कढई कलती करता. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते, ती मावा आणि तिखटानं सैल पडलीय. आतलं आंबट वर येतं आणि जळतं. पित्त वाईट नाही, ते नसेल तर अन्न पचणार कसं? पण तुम्ही त्याला बेचाळीस वर्षं सुट्टी दिलेली नाही."

"मग चूर्ण?"

"चूर्ण देते. तेच, जे तुम्ही खाल्लंत. अर्धा चमचा म्हणजे अर्धा चमचा. पण नुसत्या चूर्णानं काही होणार नाही. रात्रीचं जेवण सातला. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा. झोपायचं डाव्या कुशीवर. कमरेचं फडकं सैल बांधा. मूग, दुधी, पडवळ, साळीच्या लाह्या, गाईचं तूप. रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी. धन्याचं पाणी. मावा बंद. रिकाम्या पोटी चहा बंद. आणि चाखणं बंद."

आधीच्या सगळ्या बंदीला मान डोलावणारे ओधवजीभाई शेवटच्या शब्दाला ताठ झाले. "बेन, मग गाठिया कसा झालाय ते कोण सांगणार?"

"ते तुम्ही बघा. माझं शिक्षण पोटापर्यंतच आहे."

पहिले पंधरा दिवस त्यांनी सगळं पाळलं, फक्त चाखणं सुटलं नाही. मग हीरुबेननी बाकावर मास्तरांना पहाऱ्याला बसवलं. मास्तर फितूर निघाले, कारण त्यांच्या मेहुण्यालाही तीच पथ्यं सांगितली होती आणि तोही ती पाळत नव्हता. दोघं एकमेकांचं गुपित सांभाळत, आणि दोघांच्याही छातीत जळे. महिनाअखेर निरुपमाबेननी जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "मिरचीसकट. दर घाण्याला." ओधवजीभाईंना वाटलं, वैद्यकी म्हणतात ती हीच.

त्यानंतर हीरुबेननी कारभार स्वतःच्या हाती घेतला. सातला जेवायचं तर दुकान साडेसहाला बंद, असं त्यांनी जाहीर केलं. गल्लीत हाहाकार उडाला. रात्री नऊला गरम गाठिया मिळणार नाही तर माणसांनी जगायचं कसं? धनसुखलाल तर चार माणसं घेऊन तक्रार करायला आले. हीरुबेननी त्यांना विचारलं, "तुम्हाला बेननी किती वाजता जेवायला सांगितलंय?" धनसुखलाल इकडेतिकडे बघत निघून गेले. महिन्याभरात गल्लीतली बरीच माणसं नाइलाजानं लवकर जेवू लागली आणि त्याचं श्रेय आपापल्या चूर्णाला देऊ लागली.

ओधवजीभाईंची जळजळ तीन महिन्यांत पुष्कळ उतरली. आवाज मोकळा झाला. डाव्या कुशीवर झोपायची सवय लागली, विटांचीही लागली. राहिला प्रश्न चवीचा. एका सकाळी हीरुबेन घरातलं आवरून दुकानात आल्या आणि कढईशेजारी स्टूल ओढून बसल्या. बेचाळीस वर्षांत त्या दुकानात बसायला पहिल्यांदाच आल्या होत्या. घरी पोचेपर्यंत गार झालेला गाठियाच त्यांना ठाऊक.

ओधवजीभाईंनी पहिला घाणा काढला आणि एक गाठिया त्यांच्या हातावर ठेवला. रांग थांबली. हीरुबेननी मिरची न घेता, चहा न घेता, नुसता सावकाश चावला.

"खार जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"पापडखार? शक्यच नाही. माझ्या बापाचं माप आहे."

"असेल. जास्त आहे. ओवा भरडून घाला, आख्खा दातात येतो. आणि तेल बदला."

"हे तू आता सांगतेस?"

"आजवर विचारलं होतंत कधी?"

मास्तरांनी नजर आपल्या बशीत ठेवली. ओधवजीभाई लाल झाले. छातीत काहीतरी झालं, पण ते पित्त नव्हतं, एवढं आता त्यांना ओळखता येत होतं. मग त्यांनी पिठाचा डबा पुढे ओढला, खाराची चिमूट उचलली, त्यातली थोडी परत टाकली आणि नवा गोळा मळायला घेतला.

"ओव्याचं उद्या बघू," ते म्हणाले.

"उद्या कशाला?" हीरुबेन स्टुलावरून उठल्या. "खलबत्ता कुठे ठेवता तुम्ही?"