ज्याचा किस्सा त्यानंच सांगायचा

एकाच संध्याकाळचे किस्से किती असू शकतात? आमच्या घरी विचाराल तर उत्तर येईल, अजून संपले नाहीत. माझे बाबा आणि त्यांचे तीन मित्र कॉलेजात असताना एका रॉक कॉन्सर्टला गेले होते. त्याला तीसेक वर्षं झाली. कुठली गाणी झाली ते आता चौघांनाही धड आठवत नाही, पण किस्से वाढतच जातात. कपाटातल्या रिकाम्या डब्यांसारखे. आणून ठेवताना कुणी दिसत नाही, एक दिवस कपाटाचं दारच लागत नाही!

हे सगळे महिन्यातून एका रविवारी कर्वेनगरला आमच्याकडे जमतात. बाबा, बँकेतले अरुणकाका, नीलामावशी आणि सलीमकाका. मी दहावीत आहे. माझं काम चहा नेऊन देणं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून ऐकणं. मला चारचौघांत बोलता येत नाही. ऐकता येतं.

या चौघांचा एक नियम आहे. ज्याचा किस्सा, त्यानंच सांगायचा. बाकीच्यांना तो तोंडपाठ असला तरी त्यांनी फक्त "मग?" म्हणायचं.

गेल्या महिन्यातला रविवार मात्र वेगळा होता. गुरुवारी सलीमकाकांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार होतं. तोपर्यंतही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बजावलं नसतं तरी काही फरक पडला नसता, कारण त्यांच्या घशातून आता नुसती हवा येत होती. म्हणजे त्यांचा किस्सा त्यांना सांगता येणार नव्हता, आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणालाही नाही. हे सगळ्यांच्या डोक्यात होतं.

शेवटी बाबा म्हणाले, "नीला, तू सुरू कर."

*

कॉन्सर्ट भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी होती. गावंच्या गावं कोसळली होती, लोकांकडे शिजवायला भांडं उरलं नव्हतं. म्हणून तिकीट ठेवलंच नव्हतं. घरातलं एक चांगलं भांडं द्यायचं आणि आत जायचं.

नीलामावशीनं घरातलं सगळ्यात मोठं पातेलं उचललं. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा, आणि तिची आई स्वयंपाकघरभर शोधते आहे.

"नीले, पातेलं कुठं गेलं?"

"भूकंपात गेलं."

आईनं दूध दोन लहान भांड्यांत घेतलं. मग मांडणीवरून एक झाकण काढून मावशीच्या हातात ठेवलं.

"त्याचं झाकण इथंच राहिलंय. तेही देऊन ये. उघड्यावर शिजवायचं का त्यांनी?"

*

बाबांनी घरी सांगितलं होतं, "गाण्याचा कार्यक्रम आहे." ते काही खोटं नव्हतं. पण आजोबा म्हणाले, "वा, मीही येतो."

आजोबा धोतर, कोट, काळी टोपी घालून आले. बरोबर एक तांब्या, घासून लखलखीत केलेला. एवढं वयस्कर माणूस बघून कुणीतरी खुर्ची आणून दिली. सगळं मैदान उभं, आणि पहिल्या रांगेत एकटे आजोबा खुर्चीत बसलेले! बाबा त्यांना न ओळखल्यासारखे चार हात लांब उभे होते.

तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली. तो तसाच वाजवत राहिला. गाणं संपल्यावर आजोबा त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, तार बदलून घ्या की. आम्ही कुठे पळतोय?"

त्यानं खरंच बदलून घेतली. सगळे थांबले.

*

अरुणकाका फाटकावर भांडी घ्यायला उभे होते. एका गृहस्थांनी खिशातून चमचा काढून पुढे केला.

"हे काय?" अरुणकाकांनी विचारलं.

"भांडं. आमच्या घरात आम्ही दोघंच. आमचा संसार लहान आहे."

"मग तुम्ही फाटकाबाहेर उभे राहा. चमचाभर ऐकू येईल."

यावर दर वेळी सगळे हसतात. त्या दिवशीही हसले, जरा कमीच. मग अरुणकाका नेहमीप्रमाणे थांबले आणि पुढचं सांगितलं. त्या गृहस्थांच्या मागे एक बाई होत्या. त्यांनी पदरात धरून आणलेला तवा टेबलावर ठेवला आणि परत निघाल्या. अरुणकाका म्हणाले, "मावशी, आत जा ना. गाणी आहेत."

"नको रे बाबा. पोळ्या झाल्या, घेऊन आले."

अरुणकाकांनी तवा उचलला, तर तो अजून गरम होता.

*

"आणि त्याच टेबलाशेजारी सलीम त्याचं मशीन घेऊन..." अरुणकाकांच्या तोंडून निघून गेलं.

"अरुण," नीलामावशी म्हणाली. "तुझा आहे का तो?"

सलीमकाका खिडकीपाशी बसले होते, गळ्याभोवती मऊ सुती मफलर. ते हसले आणि हातानं "चालू दे" असं म्हणाले. पण अरुणकाकांनी नकारार्थी मान हलवली.

तो किस्सा मी इथे सांगू शकते. का, ते शेवटी कळेल.

नारायण पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सलीमकाकांचे वडील भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची. कॉलेज सुटलं की सलीमकाकाही मशीन घेऊन तिथेच बसायचे. कॉन्सर्टला त्यांनी मशीन फाटकापाशी मांडलं. दान दिलं तर नाव हवंच, अशी त्यांची समजूत! "कुणाकडून?" विचारायचे आणि कर्रर्र करून नाव घालायचे. सवयीनं पुढे "सप्रेम भेट" हेही आलंच.

एका पोरानं स्वतःचं नाव सांगितलंच नाही. म्हणाला, "बँडचं घाल."

सलीमकाकांनी घातलं. नंतर घरी हे ऐकून वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "ते नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

*

चहाची दुसरी फेरी झाली. आता सलीमकाकांचा मोठा किस्साच राहिला होता. तो नेहमी शेवटी असतो.

त्याची एक रीत आहे. सलीमकाकांनी घसा खाकरला की सगळे उभे राहतात, हातातल्या कपासकट. आई म्हणते, "राष्ट्रगीतालासुद्धा हे इतक्या पटकन उठत नसतील."

त्या दिवशी कुणी उठलं नाही.

"राहू दे आज," अरुणकाका म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी काय बघणार आहेस?" नीलामावशीनं विचारलं. मग तिचं तिलाच ते सहन झालं नाही. ती उठली आणि उगाच पंख्याचं बटण दाबून आली.

सलीमकाकांनी टिचकी वाजवली. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी एक बोट स्वतःच्या गळ्याला लावलं आणि तेच बोट माझ्याकडे केलं.

"ऋचा?" बाबा म्हणाले. "अरे, ती वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करते. तोंड उघडत नाही."

सलीमकाकांनी पुन्हा माझ्याकडे बोट केलं, मग ओठ हलवून दाखवले, आवाज न करता. मला कळलं. ते किस्सा सांगत असताना दाराआड माझे ओठ हलतात. हे त्यांनी केव्हा पाहिलं होतं, कुणास ठाऊक.

मी ट्रे खाली ठेवला. सलीमकाका उभे राहिले. मग नीलामावशी, अरुणकाका, बाबा. आईसुद्धा ओट्यापासून आली आणि उभी राहिली.

मी सांगायला लागले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

अंधार पडला होता. गाणं ऐन रंगात आलं होतं आणि लाइट गेले. सगळ्या मैदानाचे. माइक बंद, गिटार बंद. तेव्हा रोज कुठेतरी जमीन हलल्याची बातमी असायची. मागून कुणीतरी ओरडलं, "भूकंप! पळा!"

"मग?" बाबा म्हणाले. अगदी हळू.

फाटक एकच होतं. सगळे तिकडे धावले. भांड्यांचा ढीग कोसळला आणि त्या आवाजानं लोकांना वाटलं, खरंच काहीतरी पडलं. नीलामावशी फाटकाजवळ होती. ती त्या भांड्यांत पडली आणि तिला उठता येईना. लोक तिच्या अंगावर येत होते.

नीलामावशी माझ्याकडे बघत नव्हती.

"मग?" अरुणकाकांनी विचारलं.

सलीमकाका आपल्या टेबलावर चढले. रोज त्या मशीनच्या कर्कश आवाजात गिऱ्हाइकांशी बोलायचं, म्हणून त्यांचा आवाज मोठा झालेला. त्यांनी एकच शब्द उच्चारला. जवळचे लोक बसले. त्यांच्या मागचे बसले. अंधारात रांगेमागून रांग खाली बसत गेली, पार भिंतीपर्यंत. आजोबा खुर्चीतच होते. ते खुर्चीतून उठले आणि जमिनीवर बसले! मग त्या शांततेत ड्रमवाल्यानं एकट्यानं ठेका धरला, आणि लाइट येईपर्यंत सोडला नाही.

हे सगळं मी सांगितलं. पण तो शब्द अजून म्हटला नव्हता. सलीमकाका तो सगळ्यात शेवटी म्हणतात, आणि तो ऐकल्यावर खोलीतले सगळे, असतील तिथे, खाली बसतात.

मी म्हणाले, "बसा."

कुणी हललं नाही. सगळे हातात कप धरून उभे होते.

सलीमकाकांनी कानामागे तळहात धरला. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही, असं.

मी श्वास घेतला आणि ओरडले, "बसा!"

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. सगळ्यात आधी सलीमकाका बसले.